एक्स्चेंज बंद करायची रीत

टेलिफोन एक्स्चेंज बंद करायची एक रीत असते. खटका खाली केला आणि झालं, असं नसतं. हे मी आमच्या मिलमध्ये इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की शेवटी शेवटी मी 'एक्स्चेंज' एवढं म्हटलं तरी माणसं चहाला निघून जायची. जा बापहो, प्या चहा. पण रीत ती रीत.

मी जन्मापासून आंधळा आहे. हल्ली यासाठी बरेच गोड शब्द निघालेत. ते वापरणारी माणसं चांगली असतात, पण मला रस्ता ओलांडायचा नसतानाही दंड धरून ओलांडून देतात, म्हणून मी आपला आंधळाच म्हणतो. गाव शिरपूरकडचं. अंधशाळेत शिकलो, तिथंच ऑपरेटरचं शिक्षण घेतलं आणि गावातली अर्धी माणसं जिथं गेली तिथंच मीही आलो, सुरतेला. उधन्यात खोली आणि पांडेसऱ्यात साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये नोकरी. बारा वर्षं झाली.

मोबाईलच्या जमान्यात ऑपरेटर कशाला, असं तुम्ही विचारणार. सगळेच विचारतात. आमच्याकडे नवीन डिझाइन छापायला लागलं की कोणीतरी त्याचा फोटो काढतो आणि चार दिवसांत तीच साडी दुसऱ्या कोणाच्या दुकानात लटकते. म्हणून कामगारांचे मोबाईल गेटवर जमा, फक्त ऑफिसातल्यांचे सोडून. शिफ्ट संपेपर्यंत आतल्या माणसाला गाठायचं तर वाट एकच, मिलचा फोन. आणि मिलचा फोन म्हणजे मी. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाच्या पोराला शाळेतून घरी पाठवलं, कोणाच्या बायकोला चावी सापडत नाही, सगळं माझ्या कानातून जायचं. बाजारातले व्यापारी गुजरातीत बोलायचे, मारवाडी शेठ हिंदीत आणि आमच्या धुळ्या-नंदुरबारकडच्या आयाबाया अहिराणीत. मी ज्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचो. समोरच्यानं 'हॅलो' म्हटलं की नाव सांगायच्या आत माझं बोट बटणावर गेलेलं असायचं.

बटणंही माझी खास. बायकोच्या कपाळाच्या टिकल्या असतात ना, त्यातली जाड, खड्यांची टिकली मी ट्रान्सफरच्या बटणावर चिकटवली होती, साधी होल्डवर, आणि दोन टिकल्या एकावर एक शेठच्या केबिनसाठी. दर दोन-तीन महिन्यांनी निघायच्या. मग बायको नवं पाकीट द्यायची आणि म्हणायची, माझ्यापेक्षा तुमचा फोनच जास्त नटतो.

तर रीत. बंद करायचं तर आधी एकेका खात्याला फोन करून सांगायचं, की बाबांनो, दहा मिनिटं लाईन जाईल, कोणाचं काही अडलंय का. मग बाहेरच्या सहाही लाईनी उचलून ऐकायच्या. एखादीवर कोणी बोलत असेल तर थांबायचं. मग आपल्या फोनवरून एक कोड दाबायचा. मशीनच्या डोक्यात जे काही असतं, कोणता नंबर कुठे वाजतो, कोणाला बाहेर फोन लावायची परवानगी, कोणी उचललं नाही तर पुढे कुणाकडे जातो, ते सगळं आतल्या दुसऱ्या कार्डावर उतरतं, तेही पुढच्या एकदा सुरू करण्यापुरतंच. उतरलं की कानात एक लांब सूर येतो. तो संपेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. मग एक्स्चेंजचा खटका, मग यूपीएसचा आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरचा मोठा. सुरू करताना बरोबर उलटं. आधी भिंत, मग यूपीएस, त्याची पीं पीं थांबेपर्यंत दम धरायचा, मग एक्स्चेंज, आणि मग हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. आत टक् टक् होत एकेक कार्ड जागं होतं, ते ऐकायचं. घाईच्या माणसाचं ते कामच नव्हे.

मशीनच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. वीज गेली तरी त्याच्या जोरावर मशीनला सगळं आठवतं. तो सेल मेलाय, असं दुरुस्तीच्या इंजिनियरनं गेल्या खेपेला सांगितलं होतं. मी छोट्या शेठना सांगितलं, एकदा नाही, तीनदा. छोटे शेठ म्हणजे मालकांचे चिरंजीव, बाहेर शिकून आलेले. स्वभावानं फार चांगले. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, आणि हीच तर पंचाईत, भांडायला जागाच ठेवत नाहीत. "थई जशे, काका," म्हणाले. होऊन जाईल. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "काका, या जुन्या डबड्यावर आता खर्च कशाला? मी नवीन सिस्टिम बघतोय. स्क्रीनवाली. माणूसच लागत नाही."

माणूसच लागत नाही. किती सहज म्हणाले! मी हसलो, काय करणार? पण हे मशीन आहे तोवर मी आहे, एवढं मला कळून चुकलं. दुसरी नोकरी आंधळ्या माणसाला चाळिशी उलटल्यावर कोण देतो? आणि खरं सांगू, पोटाचं काही ना काही झालं असतं, बायको ब्लाउज शिवते. मला काम जायची भीती होती. सकाळी कोणीतरी माझ्यावाचून अडलेलं असायचं, ते जायची.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. बॉयलरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आमच्याकडे चालत्या यंत्राची पूजा करत नाहीत. त्या दिवशी त्याला विश्रांती, मगच हळदीकुंकू. एक्स्चेंजची पूजा आमचे शिपाई करायचे. आमच्याच भागातले, माझ्यापेक्षा बरेच मोठे, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. दर वर्षी मी रीतसर मशीन बंद करायचो, आप्पा पूजा करायचे, मग मी रीतसर सुरू करायचो. त्या वर्षी बॉयलरवाल्यांनी मला आरतीला बोलावलं. माझा आवाज बरा आहे आणि बॉयलरवाल्यांपैकी एकालाही सूर नाही. "आप्पा, मी आल्याशिवाय हात लावू नका," असं मी बजावून गेलो.

आरतीला उशीर झाला. आरत्या एकदा सुरू झाल्या की आपल्या लोकांना थांबवायचं कोणी? परत आलो, खोलीत पाऊल टाकलं आणि जागेवरच थांबलो. ते मशीन रात्रंदिवस बारीक गुणगुणायचं. ते गुणगुणणं नव्हतं. झेंडूचा वास होता, उदबत्तीचा होता, ओल्या नारळाचा होता.

"आप्पा, काय केलंत?"

"पूजा. मुहूर्त टळत होता."

"बंद कोणी केलं?"

"मीच केलं. भिंतीवरचं बटण खाली केलं. मग ते खालचं डबडं बोंबलायला लागलं, पूजेच्या वेळी असा आवाज बरा नाही, म्हणून तेही बंद केलं. म्हटलं, तुझा तेवढाच ताप वाचेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय काय बोललो ते आता आठवलं तरी लाज वाटते. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अक्कल काढून बोललो.  आप्पांनी प्रसादाची वाटी माझ्या टेबलावर ठेवली. तरी मी बोलतच होतो.

मग रीतसर सुरू केलं. भिंत, यूपीएस, पीं पीं संपली, एक्स्चेंज. हात मांडीवर. टक् टक् सुरू झाली, नेहमी बराच वेळ चालते, ती चारदोन टकटकीतच थांबली. फोन उचलला. सूर होता, पण परका, जरा चढा. बॉयलरचा नंबर फिरवला.

"हॅलो, अकाउंट्स," पलीकडून आलं.

कपाळ माझं! फोल्डिंग लावलं तर गेटवरचा वॉचमन बोलला. गेट लावलं तर कोणीच नाही. कलरच्या खोलीचा नंबर लावला तर साक्षात मोठे शेठ केबिनमधून 'हां बोलो' म्हणाले आणि मी घाबरून फोन ठेवून दिला. मशीन सगळं विसरलं होतं.

माझ्या मोबाईलवरून इंजिनियरला फोन लावला. तो मला चांगला ओळखतो, पण घाईत विसरला आणि विचारता झाला, "मेन कार्डावरची बत्ती कोणती पेटलीये?" मी मोबाईल आप्पांच्या हातात दिला. बिचारे मघाचं सगळं गिळून वाकून बघायला लागले.

"पिवळी," आप्पा म्हणाले.

"पिवळी बत्ती त्यात नाहीच आहे."

"मग लाल. थोडी लाल, थोडी पिवळी."

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्ही हळदीकुंकू कुठे कुठे लावलंय?"

"सगळ्या दिव्यांना. एकही सोडला नाही."

रुमालानं पुसल्यावर कळलं की बत्ती लालही नाही आणि हिरवीही नाही, विझलेलीच आहे. मी हसलो की रडलो, मला आठवत नाही. आप्पा मात्र खरंच रडत होते, नाक ओढल्याचा आवाज येत होता. इंजिनियर म्हणाला, मशीनची सगळी स्मृती पुसली गेली, उद्या येतो. छोटे शेठ आले, त्यांनी ऐकून घेतलं. "उद्या बघू, काका. नाही जमलं तर मग..." एवढंच म्हणून गेले. ते वाक्य पुरं करायची त्यांना गरज नव्हती.

घरी गेलो तर घास उतरेना. बायको म्हणाली, "काय व्हयनं?" आम्ही घरात अहिराणीच बोलतो. मी सगळं सांगितलं, सेल, आप्पा, हळद. सांगितलं की नंबरांची यादी कपाटात आहे, पण ती कधीच्या काळची, तेव्हापासून अर्धे नंबर बदललेत, खाती इकडची तिकडे झालीत, नवी यादी कोणी कधी लिहिलीच नाही. ती शिलाई मशीनवरून उठून आली आणि म्हणाली, "तुमले तं समदं पाठ शे ना?"

हात्तिच्या! मला सगळं पाठच होतं की. शहाण्णव एक्सटेन्शन. झोपेत विचारा. मी उठून ताट पुढे ओढलं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर लॅपटॉप घेऊन आला. मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो. दहा गेट, अकरा टाइम ऑफिस, बारा बॉयलर. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस फोल्डिंग, त्यातला सत्तावीस दाराजवळचा, तोच वाजवायचा, आतले दोन कोणी ऐकत नाही. कोणाला बाहेर फोन लावू द्यायचा, कोणाला नाही. कोणाचा फोन कोणाला चुकूनही द्यायचा नाही, तेही सांगितलं. त्याची बोटं टक टक चालत होती आणि मी थांबत नव्हतो. मध्येच तो विचारायचा, फार बारकाईनं विचारायचा. बाजारातून फोन आला तर आधी काय मागतात? मी म्हटलं, आधी डिस्पॅच. माल निघाला का, एवढाच सगळ्यांचा जीव. मग हिसाब. मग सॅम्पल. लग्नसराईत सॅम्पल आधी. गुजरातीत जास्त की हिंदीत? गुजरातीत, पण पहिलं वाक्य हिंदीत बोलतात, मग आपलं माणूस आहे कळलं की गुजरातीवर येतात. खात्यातल्या कामगारांचे फोन? ते थेट देऊ नका, म्हटलं, ते माझ्याकडे येऊ द्या, घरची माणसं असतात, त्यांना नीट सांगता येत नाही.

"आणि कोणीच उचललं नाही तर?"

"माझ्याकडे परत."

"आणि तुम्ही नसाल तर?"

"मी नसतो असं होत नाही," मी म्हटलं आणि हसलो. तोही हसला. मग त्यानं काहीतरी टाइप केलं.

छोटे शेठ येऊन मागे उभे राहिले ते मला कळलं, त्यांच्या अत्तराचा वास येतो. ते बराच वेळ ऐकत होते. "वाह, काका," म्हणाले, "तमे तो आखी सिस्टिम छो." तुम्हीच तर सगळी सिस्टिम आहात. छाती अशी फुगली माझी, काय सांगू! बारा वर्षांत त्या मिलमध्ये कोणी मला एवढं म्हटलं नव्हतं. मी आणखी सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं.

दुपारी इंजिनियरनं नवा सेल बसवला, सगळं मशीनमध्ये भरलं आणि म्हणाला, करा चालू, तुमच्या रीतीनं. मी भिंत, यूपीएस, एक्स्चेंज केलं, हात मांडीवर ठेवले. टक् टक् सुरू झाली आणि चालत राहिली. फोन उचलला. तोच जुना सूर. बारा फिरवला, बॉयलरवाला बोलला. माझा जीव भांड्यात पडला. मी एकेका खात्याला उगाचच फोन लावला, नुसतं 'ऐकू येतंय ना?' विचारायला. आप्पांना हाक मारली, त्यांचे हात हातात घेतले, काल बोललो त्याची माफी मागितली. आप्पा म्हणाले, "सोड रे, देवानंच सुचवलं तुला." देवानं नाही, बायकोनं, असं मी म्हटलं.

मग दिवाळीची सुट्टी लागली. मिल बंद. सुरतेत धंदा पुन्हा उघडतो तो लाभपाचमला, पाडव्यानंतर चार दिवसांनी. त्या दिवशी मी नवा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो. माझ्या खोलीत शिरलो आणि पुन्हा तीच शांतता. मला वाटलं, आप्पांनी परत काही केलं. हाक मारली तर आप्पा दारातच होते, पण आत येईनात.

मशीन नव्हतं. भिंतीवर हात फिरवला तर नुसती भिंत, चार खिळ्यांची भोकं आणि त्यात भरलेला ओला चुना. टेबलावरचा माझा बटणांचा फोनही नव्हता. त्या जागी एक सपाट वस्तू होती, तिला रिसीव्हर होता, बाकी सगळी काच. मी माझ्या मोबाईलवरून मिलचा नंबर लावला. एका बाईचा गोड आवाज आला. हिंदीत नमस्कार केला, मग गुजरातीवर आली. डिस्पॅच माटे एक दबावो, म्हणजे डिस्पॅचसाठी एक दाबा. हिसाब माटे बे. सॅम्पल माटे त्रण.

माझंच बोलणं होतं ते. आधी डिस्पॅच, मग हिसाब, मग सॅम्पल. पहिलं वाक्य हिंदी. मी एकेक आकडा दाबून बघत गेलो. प्रत्येक फोन बरोबर जागी जात होता. कोणी नाही उचलला तर कुठे जायचं, तेही बरोबर. कुठेही एक चूक नाही, आणि चूक कुठून असणार, मीच सांगितलेलं. नव्या सिस्टिमला जे जे लागत होतं ते मी खुर्चीवर बसून, चहा पीत, हौसेनं भरवलं होतं. इंजिनियरला तेव्हाच माहीत होतं की नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. विचारून काय करू?

छोट्या शेठकडे गेलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला बसवलं, स्वतः पाणी दिलं. "काका, तमे जरा पण चिंता ना करो. खुर्ची तीच, पगार तोच, एक पैसा कमी नाही. दिवाळीत मी बापूजींशी बोललोय. आता आराम करो." मी म्हटलं, शेठ, मला आराम नकोय, मला काम द्या. ते म्हणाले, "काम छे ने. जे लोक काहीच दाबणार नाहीत, त्यांचा फोन तुमच्याकडेच येईल. खात्यातले फोनही तुमच्याच हातून." किती प्रेमानं म्हणाले! शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट शिवी देता येते. चांगुलपणाला काय देणार? मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उठलो.

त्या काचेवर बोट फिरवून फिरवून मी थकलो. माझा मोबाईल काचेचाच आहे, पण तो बोलतो. बोट जिथं जाईल तिथलं वाचून दाखवतो. हा फोन मुका. इंजिनियर म्हणाला, या मॉडेलमध्ये ती सोय येत नाही. टिकल्या लावून बघितल्या. पण या काचेवरची बटणं जागा बदलतात. फोन नसताना एका ठिकाणी, फोन आला की दुसऱ्या ठिकाणी, आणि टिकलीवर बोट ठेवलं तर खाली काही लागतच नाही. दोन दिवसांनी सफाईवाल्यानं काच पुसताना टिकल्या काढून टाकल्या. मी पुन्हा लावल्या नाहीत. फोन वाजला की रिसीव्हर उचलायचा एवढं मला जमायचं. पुढे द्यायचा तर आप्पा धावत यायचे, मी नंबर सांगायचो, ते काचेवर दाबायचे. आप्पांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा दर वेळी वरच्या मजल्यावर राहिलेला. अशी आमची जोडी. आप्पा दिवसातून चार वेळा माझ्यासमोर चहा ठेवून उभे राहायचे. दसऱ्याचं ओझं होतं ते. त्यांना मी कितीदा सांगितलं, की आप्पा, तुमच्यामुळे नाही झालं, ते होणारच होतं. पण ते मला स्वतःलाच पटत नव्हतं, तर त्यांना कुठून पटणार?

फोन तर येतच नव्हते. दिवसाला एखादा, तोही चुकून. लोकांना दाबायची सवय लागली, चार दिवसांत लागली, कामगारांच्या घरचेही एक दाबून डिस्पॅचलाच निरोप द्यायला लागले. मी आपला टेबलावर बोटं वाजवत बसलेला.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाजला. ऑफिसात कोणी नव्हतं, आप्पा गेटवर डबा खायला गेलेले. उचलला.

"हॅलो, मना आंडोर शे का तठे?"

माझा मुलगा आहे का तिथे. म्हातारीचा आवाज, घाबरलेला. कितीतरी दिवसांनी मिलच्या फोनवर अहिराणी ऐकली, मी खुर्चीत ताठ झालो. मुलाचं नाव विचारलं. साड्यांच्या घड्या घालतो म्हणाली, म्हणजे फोल्डिंग, म्हणजे सत्तावीस. तो तिला उद्या घ्यायला येणार होता, पण गावाकडची एक सोबत मिळाली म्हणून ती आजच गाडीत बसली. सोबतीण नंदुरबारलाच उतरून गेली आणि ही एकटी उधन्याला उतरली होती. पहिल्यांदाच आली होती. घर कुठे ते ठाऊक नाही, मुलाचा मोबाईल गेटवर खोक्यात वाजून वाजून बंद, चिठ्ठीवर दुसरा नंबर होता तो मिलचा. फलाटावरच्या कोणा माणसाचा मोबाईल मागून बोलत होती. पाठीमागून तो माणूस हिंदीत म्हणत होता, माताजी जल्दी करो, मेरी गाड़ी आ रही है।

"थांबा माय, देस," मी म्हटलं. देतो.

आणि बोट काचेवर ठेवलं. सत्तावीस. दोन आकडे. जुन्या फोनवर म्हातारीचा श्वास पुरा व्हायच्या आत दिला असता. मी वर फिरवलं, खाली फिरवलं, कुठेतरी टिक् झालं, कुठेतरी दोनदा टिक् झालं. "आप्पा!" म्हणून ओरडलो. "अरे कोणी आहे का?" कोणी नाही. माझ्या मोबाईलवरून मिलचा नंबर लावावा, तर फोल्डिंग त्या बाईच्या यादीतच नव्हतं, खात्यातले फोन माझ्याकडे वळवायला मीच सांगितलं होतं. पुन्हा बोट फिरवलं आणि फोन कट झाला. मीच कापला.   मिनिटभरात पुन्हा वाजला.

"कापाई गया रे भाऊ," ती म्हणाली. आता रडवेली झाली होती.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. मी काठी घेऊन मिलच्या आवारातून, कपड्यांच्या ट्रॉल्यांना धडकत, फोल्डिंगपर्यंत चालत गेलो, तिच्या मुलाला सांगितलं, तो सुपरवायझरला विचारून धावला आणि तासाभरात तिला घेऊन घरी गेला. ती तिकिटाच्या खिडकीजवळच बसून होती. तसं सगळं ठीक झालं.

पण निघायच्या आधी मला तिला सांगावं लागलं, की मला वेळ लागेल, तिकिटाच्या खिडकीजवळ बसा, तिथून हलू नका. आणि वेळ का लागेल, तेही. बारा वर्षांत हजारो माणसं माझ्याशी फोनवर बोलली. एकाही अनोळखी माणसाला मी आंधळा आहे हे कधी कळलं नाही, मी कधी कळू दिलं नाही. त्या तारेवर मी सगळ्यांसारखा होतो.

"माले दिखत नही, माय," मी म्हटलं. "फोन देता येत नही. मी चालीसन जास नि सांगस."

पलीकडे गाडीची शिट्टी ऐकू आली.

"दिखत नही?" ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, शेजारच्या पोराला विचारावं तसं तिनं काळजीनं विचारलं. "मंग तू तठे काय करस रे भाऊ?"

"बठेल शे, माय," मी म्हटलं. बसलोय.